दामाचा कान

चैत्र लागला की आमच्या खिडकीच्या काचा गुणगुणायला लागतात. ऐरोलीत अकराव्या मजल्यावर राहते मी. पावसाच्या आत पाया उरकून घ्यायचा म्हणून या दिवसांत आजूबाजूला कुठं ना कुठं खांब ठोकण्याचं यंत्र चालू असतं. त्याचे ठोके जमिनीतून, भिंतींतून चढत चढत येतात आणि आमच्या काचेत शिरतात. घरातले बाकीचे वैतागतात. मी आपली खुर्ची ओढते, काचेच्या मधोमध बोट टेकवते आणि गुणगुण थांबवते. बोट काढलं की पुन्हा सुरू. सून म्हणते, "आई, तुम्हाला या आवाजाचं टेन्शन कसं येत नाही?" टेन्शन कसलं? उन्हाची झळ आणि काचेचा तो बारीक सूर एकत्र आला, की माझं ऐंशी वर्षांचं शरीर तेवढं खुर्चीत राहतं, आणि मी घणसोलीला आमच्या ओटीवर जाऊन बसते.

तेव्हा नवी मुंबई नव्हती. ते दोन शब्द कुणी एकत्र उच्चारलेसुद्धा नव्हते. मावळतीला खाडी, खाडीच्या कडेला तिवरं आणि मिठागरं, उगवतीला पारसिकचा डोंगर, आणि या दोघांच्या मध्ये आमची भातशेती. डोंगराच्या पायथ्यानं ठाण्याहून बेलापूरला जाणारा रस्ता, त्यावर मोजक्या एसट्या. भात झोडून कणग्यांत गेलं की माणसांना दोन वाटा होत्या. एक खाली मिठागराकडं, दुसरी वर खाणीकडं. आईकडची माणसं मिठाची, बाबांकडची दगडाची. उन्हाळाभर मग गावात दोनच रंग दिसत, पांढरा आणि काळा. संध्याकाळी परतणाऱ्या माणसाच्या पिंढऱ्यांवर काय बसलंय ते बघून तो कुठून आला ते कळायचं.

मी मात्र ठाण्याला मामाकडं शिकत होते. मामा तिथं नोकरीला होता, त्याच्या खोलीत राहून मी कॉलेजात जायला लागले होते. घणसोलीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, असं गावात अजून सांगतात. खरंखोटं देव जाणे. साठच्या दशकाची मधली वर्षं होती, मला विसावं लागलं होतं, आणि पदार्थविज्ञानाच्या आमच्या सरांना एक वेड लागलं होतं. वस्तू किती ताठ आहे ते तिला न वाकवता, न मोडता, नुसती वाजवून मोजायचं.

सरांची रीत सोपी होती. काचेची हातभर लांबीची कांडी घ्यायची, दोन दोऱ्यांवर आडवी टांगायची आणि लाकडाच्या छोट्या मोगरीनं हलकेच ठोकायची. कांडी एका ठरलेल्या सुरात वाजते. कांडीची लांबी, जाडी आणि वजन माहीत असलं, की त्या सुरावरून ती किती ताठ आहे त्याचा आकडा निघतो. जास्त ताठ, तर सूर चढा. कमी ताठ, तर सूर उतरता. काचेचं झालं, तसं दगडाचं करायचं सरांच्या मनात आलं. "तुझे वडील खाणीत आहेत ना? मग सुट्टीत बसून काय करणार आहेस?" म्हणाले, आणि एक लांब पोकळ लाकडी पेटी माझ्या स्वाधीन केली. पेटीवर एक तार ताणलेली, तारेखाली सरकणारी घोडी. घोडी सरकवत तारेचा सूर कांडीच्या सुराला मिळवायचा आणि तारेची लांबी पट्टीवर वाचायची. वीज नको, काही नको. फक्त कान हवा.

ती पेटी मांडीवर घेऊन मी एसटीतून उतरले, आणि गावानं तोंडाला येईल ते विचारलं. "कुनाच्या लग्नान वाजवाची हाय?" इथपासून "कॉलेजान तमाशा शिकवतात काय गो?" इथपर्यंत. मी सांगून पाहिलं की ही गाण्याची नाही, दगड मोजायची आहे. त्यानं तर आणखीच हसू झालं. आमच्या शेजारचे पांडूकाका, जे गावाच्या प्रत्येक कामात पुढं असत, ते पेटीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दगडाला कान लावाला तुजा बापूस हाय की घरान. ही पेटी कनाला?"

आणि तेही खरंच होतं.

माझ्या बाबांना सगळी खाण 'दामाचा कान' म्हणून ओळखायची. सुरुंगानं डोंगर फोडला की खाली येणाऱ्या धोंड्यांतला कुठला अख्खा आणि कुठल्यात आतून चीर गेली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. बाबा त्याच्यावर हातोडी मारून सांगत. चांगला दगड टणकन् वाजतो आणि त्याचा सूर थोडा वेळ रेंगाळतो. चिरलेला 'बद्द' वाजतो. मडकं घेताना टिचकी मारून आपण बघतो ना, तेच. बाबांनी 'बद्द' म्हटलं की तो धोंडा खडी फोडायला जायचा, त्यावर पुन्हा कुणी हातोडी मारून बघत नसे. गावात एखाद्याच्या शब्दाबद्दल शंका नको असेल, तर म्हणायचे, "त्याला दामाचा कान लागलाय." सोयरीक जुळवतानासुद्धा म्हणायचे.

बाबा बोलके होते, फार बोलके. स्वतःच प्रश्न विचारायचे, स्वतःच उत्तर द्यायचे, समोरच्याला मध्ये शब्द घालू द्यायचे नाहीत. आणि तोंडात सदा न् कदा बाभळीचं दातवण. इतरांचं दातवण वीतभर आणि सकाळपुरतं. बाबांचं चांगलं हातभर, आणि दिवसभर. दगड पारखायला वाकले तरी ते दातांत धरलेलंच असे, त्याचं टोक दगडाला टेकलेलं. "दामाचा दातवन सरत नाय," हा गावातला ठरलेला विनोद. त्यात त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास त्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि ठाण्याच्या दातवाल्यानं वरचे-खालचे मिळून पुढचे सगळे दात काढून टाकले. मग काय, विनोदाला पालवीच फुटली. "येवरा दातवन केलास, नि दात पन गेलं न् दातवन पन!" बाबा बोळक्यानं सगळ्यांच्या वरताण हसायचे. पेज पिऊन खाणीत जायचे. तोंडातलं दातवण तेवढं गेलं.

मला आठवतात त्या दुपारी. ओटीवर शेणानं सारवलेल्या जमिनीचा गारवा, कुडाच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या रेघा, आणि माझ्यासमोर टांगलेल्या दोन कांड्या. एक कॉलेजातून आणलेली काचेची, दुसरी बाबांनी माझ्यासाठी घडवलेली काळ्या दगडाची. आठ दिवस छिन्नी चालवून, मग वाळू-पाण्यानं घासून त्यांनी ती काचेच्या मापाची केली होती. इतकी सरळ की वर ठेवलेला मिरीचा दाणा हलत नसे. मी काच वाजवायची, दगड वाजवायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. दोघांचा सूर जवळजवळ एकच होता. ज्या काचेचा कंदील पुसताना आई श्वास रोखून धरायची ती काच, आणि ज्यावर डोंगर उभा होता तो दगड, ताठपणात अगदी सख्खी भावंडं निघाली. नाजूक म्हणजे मऊ, असं मी तोवर समजत होते. काच मऊ नसते. वाकायचं तिला ठाऊक नसतं, म्हणून ती फुटते. माणसांतही अशी काही असतात हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. वीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यात आकडे असतात.

दोन सूर अगदी जवळ आले की एक गंमत होते. आवाज हेलकावे घ्यायला लागतो. वाढतो, ओसरतो, वाढतो, ओसरतो. घोडी केसभर सरकवली की हेलकावे लांबतात, आणखी केसभर सरकवली की आणखी लांबतात, आणि मग एका जागी ते नाहीसेच होतात. तार आणि दगड एक झाले. त्या क्षणाची मी वाट बघत बसायची. खाडीला भरती लागलेली असायची, तिवरांत बगळे कलकलायचे, डोंगरात दुपारच्या सुरुंगाची शिट्टी व्हायची. सगळं ऐकू यायचं आणि काहीच ऐकू यायचं नाही. पुढं मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना हाच प्रयोग शिकवला. विजेवर चालणारी यंत्रं आली, काटे आले, पडदे आले. पण ते हेलकावे विरून जाण्याचं सुख मला त्या ओटीवर मिळालं तेवढं नंतर कधी मिळालं नाही.

एकदा आई मिठागरावरून आली आणि माझ्याशेजारी टेकली. तिच्या ओच्यात मीठ होतं. सरांनी सांगितलं होतं तसं मी दगडाच्या कांडीवर ते बारीक करून भुरभुरवलं आणि पुन्हा पुन्हा ठोकत राहिले. मिठाचे कण नाचू लागले, इकडून तिकडं पळाले, आणि शेवटी दोन आडव्या रेघांत गोळा होऊन स्वस्थ बसले. ती सगळी कांडी थरथरते, पण तिच्यात दोन जागा अशा असतात की तिथं काहीच हलत नाही. दोन्ही टोकांपासून पावाहून थोड्या कमी अंतरावर. टांगायचा दोरा तिथंच बांधायचा, म्हणजे सूर दबत नाही. आईनं त्या रेघांकडं बराच वेळ बघितलं. "सगला हालतंय," ती म्हणाली, "पन मिठाला बसाला जागा गावली." आणि उठून चुलीकडं गेली.

मिठाच्या त्या रेघा बघून बाबांनी मला खाणीतली एक रीत दाखवली. लांब धोंडा पारखायचा तर जमिनीवर पडलेला पारखायचा नाही. दोन लाकडी ओंडक्यांवर चढवायचा. आणि ओंडके कुठं ठेवायचे? "टोकापासून पाव भाग मोज, नि त्यातून चार बोटा कमी कर." कुणी शिकवलं, तर त्यांच्या बापानं. मी आठ फुटी धोंड्याचा हिशेब मांडला. सरांच्या सूत्रातली स्थिर जागा आणि बाबांची चार बोटं कमी केलेली जागा यांत नखाएवढं अंतर निघालं. मी आनंदानं ओरडले. बाबा माझ्याकडं पाठ करून छिन्नीला पाणी देत होते, त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. मला राग आला. वाटलं, शिकलेल्या मुलीचं यांना कौतुक म्हणून नाही.

त्याच दिवसांत गावानं ओहोळावर दगड टाकायचं मनावर घेतलं. गाव आणि मिठागर यांच्यामध्ये एक खोल ओहोळ होता, भरतीला खाडीचं पाणी त्यात चढायचं. त्यावर ताडाची दोन खोडं टाकलेली होती, ती कुजायला आली होती. बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन त्यावरून जायच्या, शाळेची पोरंही जायची. पांडूकाकांनी खाणमालकाकडून आठ फुटी पाच धोंडे मागून आणले. पाचही बाबांनी निवडले होते. दामाचा कान लागला म्हटल्यावर पुढं बोलायचं काय? शनिवारी ते ओहोळाकाठी ओंडक्यांवर आणून ठेवले. सोमवारी सगळ्या गावानं दोर लावून ते चढवायचे, असं ठरलं.

रविवारी सकाळी मी पेटी घेऊन तिथं गेले. सरांना मोठ्या दगडाचंही माप हवं होतं, आणि मला मिरवायचं होतं, खरं सांगायचं तर. पहिला धोंडा ठोकला. खोल, भरदार सूर, बराच वेळ रेंगाळला. दुसरा तसाच. तिसरा ठोकला आणि माझा हात तिथंच राहिला. बद्द. पुन्हा ठोकला. बद्द. तारेची घोडी कितीही सरकवली तरी सूर जुळायला थांबतच नव्हता, वाजायच्या आत मरत होता. मला आधी पेटीचा संशय आला, मग ओंडक्यांचा, मग स्वतःचा. सगळ्यांवर संशय घेतला, फक्त बाबांवर घेतला नाही. चौथा आणि पाचवा पुन्हा खणखणीत वाजले. मग मी ओहोळातलं पाणी कळशीनं आणून तिसऱ्यावर ओतलं आणि उन्हात बसून राहिले. काळा दगड तापलेला होता, पाणी भराभर उडालं. मधोमध एक केसासारखी ओली रेघ मात्र उरली, आरपार. चिरेत शिरलेलं पाणी उन्हाला सापडत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

मी धावत घरी आले. बाबा परसात चिंचेखाली बसले होते, माझ्याकडं पाठ करून. "बाबा!" मी हाक मारली. मग आणखी मोठ्यानं. मग अगदी त्यांच्या पाठीमागं दोन हातांवर उभी राहून. चिंचेवरचे साळुंक्यांचे थवे उडाले, बाबा हलले नाहीत. उडालेल्या पक्ष्यांकडं तेवढं मान वर करून बघत राहिले, कशानं उडाले म्हणून.

आई परसाच्या टोकाला निवट्या साफ करत होती. तिनं माझा चेहरा बघितला, हातातली मासळी टाकली, आणि राखेच्या हातांनीच मला ओढत घरात नेलं.

"कवापासून?" मी विचारलं.

"तीन पावसाळं झालं." खाणीत वेळेआधी सुरुंग उडाला होता, त्या धक्क्यानं बाबांच्या दोन्ही कानांचे पडदे गेले. मग कान वाहत राहिले. मला कळवलं नव्हतं, परीक्षा होती म्हणून. "कुनाला बोलू नको गो," आई म्हणाली. "कान गेला म्हंजे त्याचा काय रवला?"

मी तिथंच बसले. तीन वर्षांतलं सगळं माझ्यासमोर उलगडत गेलं. आई त्यांच्याशी बोलायच्या आधी नेहमी दंडाला हात लावायची. मला ते प्रेम वाटायचं. होतंही, पण वेगळं. बाबा दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत, कारण दुसऱ्याचं ऐकू येत नव्हतं. आमच्या गावात एरवीही सगळे ओरडूनच बोलतात, खाणीतली माणसं तर आणखी. त्या गलक्यात एक बहिरा माणूस खपून गेला. आणि ते दातवण! बाबांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण त्यांना सापडलं होतं, की कान बंद झाला तरी काठी दातांत धरून तिचं टोक दगडाला टेकवलं, की दगडाची थरथर काठीतून दातात, दातातून डोक्याच्या हाडांत शिरते आणि आत ऐकू येते. तीन वर्षं त्यांनी एकही दगड चुकीचा निवडला नव्हता. दात होते तोवर.

परवा माझ्या नातीनं नवे हेडफोन आणले. ते कानात घालायचेच नसतात, कानापुढच्या हाडावर टेकवायचे. "आजी, बघ ना, कान मोकळेच, तरी गाणं ऐकू येतं! कसली भारी टेक्नॉलॉजी!" मी म्हटलं, हो गं बाई, भारीच.

त्या रविवारी माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही एकदम वाचवता येत नव्हत्या. धोंडा वाईट आहे असं गावात सांगितलं, तर पहिला प्रश्न येणार, दामानं चुकवला कसा? नाही सांगितलं, तर एक दिवस पाटी घेतलेली एखादी बाई ओहोळात जाणार. आईसुद्धा त्या बायकांतलीच होती. "त्यो धोंडा बदल," आई म्हणत राहिली, "कायतरी करून बदल. पन त्याचा कान नको काढू." कायतरी करून म्हणजे काय, ते तिलाही माहीत नव्हतं. मी रडले. मोठी शिकलेली मुलगी, पण चुलीपुढं बसून हमसाहमशी रडले.

शेवटी मी बाबांना हाताला धरून ओहोळावर नेलं. पुन्हा पाणी ओतलं. आम्ही दोघं उन्हात बसलो, दगड वाळत गेला, रेघ उरली. बाबांनी ती अंगठ्यानं पुसून बघितली. मग माझ्याकडं बघितलं, मग पेटीकडं. ते म्हणाले, "दाढेन धरून बगितला मी दातवन, सुटतंय. कपालाला लावला तर आयकू येतंय, मना ठाव हाय. पन चार मानसान दगडाला कपाल लावून कसा बसू, पोरी?" मग हसले. ते बोळकं हसू मला बघवेना.

मग त्यांनी पेटी दाखवून मला धोंड्याकडं खूण केली. मी पेटीचं एक टोक धोंड्यावर टेकवलं, दुसऱ्या टोकाला त्यांनी कपाळ लावलं आणि डोळे मिटले. मी चांगला धोंडा ठोकला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं. मग पेटी तिसऱ्यावर सरकवून तो ठोकला. डोळे न उघडता ते म्हणाले, "बद्द."

सोमवारी सकाळी सगळं गाव ओहोळावर होतं. पुरुष दोर घेऊन, बायका पाट्या उतरवून कडेला बसलेल्या. मी रात्रभर शब्द जुळवले होते, धोंडा आणताना आपटला असेल वगैरे. मला खोटं नीट जमत नाही, तरी बोलणार होते. पहिले दोन धोंडे चढले. तिसऱ्याला दोर लावायला माणसं वाकली, आणि बाबा पुढं होऊन त्या धोंड्यावर बसले.

"ह्यो न्हेवाचा नाय," ते म्हणाले. "ह्यो बद्द हाय."

पांडूकाका चमकले. "तूच तं निवारलास!"

बाबांनी त्यांच्या ओठांकडं बघितलं. "मीच. चुकलू." मग सगळ्यांवरून नजर फिरवली, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून घेतलं, आणि नेहमीसारखं मोठ्यानं, पण सावकाश म्हणाले, "मना आयकू येत नाय. तीन वर्सा झाली. दामाला कान नाय. आता पोरीच्या कानाना घ्या."

कुणी हसलं नाही. मग पांडूकाकांनी पुढं येऊन बाबांच्या पाठीवर हात ठेवला, आणि माणसांनी त्या धोंड्याचा दोर सोडला. खाणीतून दुसरा धोंडा आणला, तो मी ठोकला. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, बाबा सर्वांत जास्त. मी "खणखणीत" म्हटलं, आणि तो चढला.

बाबांकडून दगड निवडायचं काम गेलं. मुकादमानं त्यांना पाटे-वरवंटे घडवायला बसवलं. त्याला कान लागत नाही, हात लागतो. काम वाईट नव्हतं, पण खाणीच्या एका कडेला होतं, एकट्याचं. त्यांना त्याचं दुःख झालं, फार झालं. ते मी खोटं कशाला सांगू? पुढं कित्येक वर्षं धोंडा खाली आला की त्यांचा हात आपोआप हातोडीकडं जायचा आणि मागं यायचा. आता त्या खाणीच्या जागी सोसायट्या आहेत, आणि ओहोळ रस्त्याखालच्या पाइपात गेला आहे. तिथून जाताना मला अजून जरा हळू चालावंसं वाटतं.

पण तो सोमवार अजून संपला नव्हता. दुपारी आम्ही घरी आलो. बाबा ओटीवर बसले, पेटी ओढून घेतली आणि तिच्या कडेला कानामागचं हाड टेकवलं. "बोल," म्हणाले.

काय बोलू? तीन वर्षं मी किती बोलले होते! परीक्षा, सर, मामाची खोली, काच आणि दगड. ते मान डोलवत राहिले होते, आणि त्यातलं काहीएक त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी पेटीच्या दुसऱ्या टोकाला तोंड अगदी टेकवलं. "बाबा," म्हटलं, "मी कमल."

त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "आवाज बदाललाय तुजा," ते म्हणाले. "लानपनीचा गेला. मोठ्या बायचा झाला." आणि मग म्हणाले, "आनखी बोल." मी बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही, माझ्या डोळ्यांतलं पाणी पेटीवर पडून लाकडात जिरत होतं तेवढं आठवतं.

आई दारात उभी होती. हात पुसत पुढं आली, मला बाजूला सारलं आणि पेटीशी बसली. तिनं आधी सवयीनं त्यांच्या दंडाला हात लावला. मग पेटीला तोंड लावून, तीन पावसाळे बोलत आली होती तशी, सगळा गळा काढून ओरडली, "जेवाला उठ! भात निवला!"

बाबांनी दचकून डोकं मागं घेतलं.

"वरडतंस कनाला गो?" ते म्हणाले. "मी काय बयरा हाय?"